स्ट्रँडखालचा बंद फलाट

लंडनच्या ऑल्डविच स्थानकात दोन फलाट आहेत. पश्चिमेकडचा 1994 च्या सप्टेंबरपर्यंत चालू होता. पूर्वेकडचा 1914 च्या ऑगस्टमध्येच बंद झाला होता आणि त्यानंतर तिथून एकाही उतारूनं गाडी पकडली नाही. एकाच स्थानकाचा अर्धा भाग चालू आणि अर्धा बंद, अशी ऐंशी वर्षं गेली. चालू फलाटावर गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या कारकुनाला किंवा विद्यार्थ्याला भिंतीपलीकडे आणखी एक फलाट आहे याचा पत्ताही नसे. तो बंद झाला तेव्हा स्थानकाचं नाव 'स्ट्रँड' होतं. 'ऑल्डविच' हे नाव पडलं 9 मे 1915 रोजी. त्यामुळे पूर्वेकडच्या फलाटाला आजचं नाव वापरात असताना कधी लाभलंच नाही.

बंद स्थानकांचा विषय निघाला की बोलणं लगेच भुताखेतांवर जातं. ऑल्डविचलाही एका नटीचं भूत चिकटवलेलं आहे, कारण स्थानकाच्या जागी पूर्वी नाट्यगृह होतं. मला या जागेची ओढ वाटते ती निराळ्या कारणानं. हे स्थानक बांधतानाच अर्धवट राहिलं आणि त्यातला जो भाग रेल्वेला फारसा उपयोगी पडला नाही, त्याच भागाच्या हवाली लंडननं दोन महायुद्धांत आपला अमोल ठेवा केला. रेल्वेच्या हिशेबात ऑल्डविच कायम तोट्यात राहिलं. शहराच्या हिशेबात तसं म्हणता येत नाही, आणि हा दुसरा हिशेब फारसा कोणी मांडत नाही.

गोष्ट सुरू होते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. लंडनच्या पोटातून विजेच्या गाड्या नेण्यासाठी तेव्हा कंपन्यांची रीघ लागली होती. त्यांतल्या एका कंपनीला उत्तरेच्या वुड ग्रीनपासून स्ट्रँडपर्यंत रेल्वे न्यायची होती. दुसरीला पश्चिमेच्या ब्रॉम्प्टनकडून पिकॅडिली सर्कसपर्यंत यायचं होतं. दोघींकडे परवाने होते आणि दोघींकडे पैसा नव्हता. 1901 मध्ये चार्ल्स येर्कीझ या अमेरिकन भांडवलदारानं दोन्ही विकत घेतल्या. शिकागोत ट्रामच्या धंद्यात गबर झालेला, त्याआधी फिलाडेल्फियात तुरुंगवास भोगलेला हा गृहस्थ. त्यानं दोन्ही मार्ग जोडून एक लांब मार्ग आखला. आजची पिकॅडिली लाइन ती हीच. या जोडकामात होबर्नपासून स्ट्रँडपर्यंतचा अर्ध्या किलोमीटरचा तुकडा मात्र मुख्य मार्गाबाहेर पडला. दोन सदऱ्यांच्या कापडातून एक सदरा शिवावा आणि एक बाही उरावी, तशी ही शाखा उरली. परवाना हातात होता म्हणून ती बांधून टाकली, एवढंच. येर्कीझ स्वतः 1905 च्या डिसेंबरमध्ये वारला. त्याच्या नव्या मार्गांवरून धावलेली एकही गाडी त्याला पाहता आली नाही.

शाखेचं काम निघालं तेव्हा वरची जमीनही उलथीपालथी होत होती. क्लेअर मार्केटच्या आसपासची जुनी, दाटीवाटीची वस्ती पाडून लंडन काउंटी कौन्सिलनं किंग्जवे हा रुंद रस्ता आणि त्याच्या टोकाशी ऑल्डविचचं अर्धवर्तुळ काढलं. 1905 च्या ऑक्टोबरात सातव्या एडवर्डनं त्याचं उद्घाटन केलं. हजारो गरीब माणसं तिथून उठली आणि त्यांच्या जागी नाट्यगृहं, हॉटेलं, कचेऱ्या आल्या. रेल्वेसाठी जी जागा मिळाली तिथे रॉयल स्ट्रँड थिएटर उभं होतं. मे 1905 मध्ये त्याचा शेवटचा खेळ झाला, मग इमारत पाडली आणि स्थानकाचं काम सुरू झालं. जागाच उशिरा हाती आल्यामुळे, पिकॅडिलीचा मुख्य मार्ग डिसेंबर 1906 मध्ये खुला झाला तरी स्ट्रँड स्थानकाचं दार उघडायला 30 नोव्हेंबर 1907 उजाडला.

दर्शनी भाग लेस्ली ग्रीनच्या हातचा. गोठलेल्या रक्ताच्या रंगाच्या चकचकीत भाजक्या विटा आणि वर अर्धगोल खिडक्या, हा त्याचा ठसा लंडनभर आजही ओळखू येतो. चारपाच वर्षांत त्यानं पन्नासेक स्थानकांचं काम केलं आणि 1908 मध्ये, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, तो गेला. प्रत्येक स्थानकातल्या फरशांची रंगसंगती त्यानं वेगळी ठेवली होती. स्ट्रँडच्या वाट्याला साय-पांढरा आणि हिरवा आला.

हे सारं बाहेरून पाहताना. आत गेलं की अर्धवटपणा दिसू लागतो. आराखडा होता उत्तरेकडून येणाऱ्या मोठ्या मार्गाच्या शेवटच्या स्थानकाचा. त्या हिशेबानं लिफ्टसाठी तीन विहिरी योजल्या होत्या, प्रत्येकीत दोन पाळणे, म्हणजे एकूण सहा. प्रत्यक्षात दोनच लिफ्ट बसवल्या, एका विहिरीत. बाकीच्या जागेत लिफ्ट कधी आलीच नाही. त्या विहिरींकडे जाणारे भुयारी रस्तेही अर्ध्यावर सोडले गेले. त्यांतून चालताना हिरव्या-पांढऱ्या फरशा एके ठिकाणी संपतात आणि पुढे बोगद्याची ओतीव लोखंडाची कडी उघडी दिसतात. बिडाच्या जाड तुकड्यांचं एक कडं, त्याला बोल्ट मारून पुढचं कडं, मग त्याच्यापुढचं. एरवी हे सगळं फरशीखाली झाकलेलं असतं आणि प्रवाशाला दिसत नाही. 1907 साली लंडनच्या चिकणमातीत गोल बोगदा कसा उभा करत, हे पाहायचं तर या न सजवलेल्या भुयारांइतकी चांगली जागा शोधून सापडायची नाही.

उतारू आले नाहीत, कारण अंतर फारच थोडं होतं. होबर्नहून ऑल्डविचला पायी दहा मिनिटं लागत. लिफ्टनं खाली जा, गाडीची वाट पाहा, दोन मिनिटं प्रवास करा, पुन्हा लिफ्टनं वर या, एवढ्यात चालणारा माणूस पोहोचलेला असे. शिवाय नदीकाठचं टेंपल स्थानक 1870 पासून चालू होतं आणि तेही हाकेच्या अंतरावर. हा परिसर मराठी वाचकाला अगदीच परका नाही. होबर्नच्या बाजूला ग्रेज इन ही बॅरिस्टरांची जुनी संस्था आहे. पिकॅडिलीचा बोगदा पुरा होत होता त्याच 1906 साली सावरकर लंडनला आले आणि याच ग्रेज इनमध्ये कायद्याचा अभ्यास करू लागले. दुसऱ्या टोकाला, ऑल्डविचच्या वळणाला लागून, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स (एलएसई). डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1916 मध्ये तिथे दाखल झाले, ग्रेज इनमध्येही त्यांनी नाव घातलं आणि मध्ये खंड पडल्यावर 1920 मध्ये परत येऊन दोन्हीकडचं शिक्षण पुरं केलं. त्या काळात ही शाखा चालू होती. नकाशावर पाहिलं तर तिची दोन टोकं बाबासाहेबांच्या दोन शिक्षणसंस्थांपाशीच येतात, आणि मधलं अंतर पायी सहज जाण्याजोगं. ज्याच्या खिशात पैसा जपून वापरायचा असे, त्यानं या गाडीत बसावं असं काही कारण नव्हतं. शाखेची खरी अडचण तीच होती.

रेल्वेनं सुरुवातीला हौसेनं एक 'थिएटर ट्रेन' काढली होती. नाटकं सुटल्यावर, रात्री अकरानंतर, स्ट्रँडहून थेट उत्तरेकडे फिन्सबरी पार्कला जाणारी. वर्षभरातच ती बंद पडली. उरली फक्त होबर्नपर्यंत ये-जा करणारी छोटी गाडी. एका गाडीला दोन फलाट कशाला, म्हणून 1914 मध्ये पूर्वेकडचा बंद केला. 1917 मध्ये रविवारची गाडी गेली, होबर्नकडचा या शाखेचा एक फलाटही त्याच वर्षी बंद झाला. 1922 मध्ये तिकीटघराला कुलूप लागलं आणि तिकिटं चक्क लिफ्टमध्ये मिळू लागली. लिफ्टवाला हाच तिकीटवाला. दार ओढायचं, तिकिटं फाडायची, पैसे मोजायचे, लिफ्ट खाली सोडायची, हे सारं एकाच माणसाकडे. रस्त्याच्या पातळीवरच्या तिकीटघराच्या हिरव्या चौकटीच्या खिडक्या मात्र जशाच्या तशा राहिल्या, कारण त्या काढून टाकण्यावर तरी खर्च कोण करणार!

आता पुन्हा बंद फलाटाकडे. ऑक्टोबर 1915 मध्ये एका झेपेलिननं नेमक्या याच नाट्यगृहांच्या भागावर बॉम्ब टाकले. लायसियम थिएटरजवळ रस्त्यावरची माणसं मेली, ऑल्डविचवरही बॉम्ब पडले. 1917 मध्ये झेपेलिनची जागा जर्मनांच्या गोथा विमानांनी घेतली आणि हल्ले वाढले. ट्रफाल्गर चौकातल्या नॅशनल गॅलरीला आपल्या चित्रांची काळजी लागली. शहरापासून लांब न्यायला वेळ हवा, वाहनं हवीत. जवळच मात्र जमिनीच्या पोटात एक रिकामा, कोरडा बोगदा होता, तोही कोणाच्या वाटेत न येणारा. सप्टेंबर 1917 मध्ये सुमारे तीनशे चित्रं स्ट्रँडखालच्या पूर्वेकडच्या फलाटावर आली आणि युद्ध संपल्यानंतर डिसेंबर 1918 पर्यंत तिथेच राहिली. शेजारच्या फलाटावरून गाड्या चालूच होत्या. तीन वर्षांपूर्वी तोट्याचा म्हणून टाकून दिलेला हा फलाट चालू असता, तर ही चित्रं एवढ्या जवळ आणि एवढ्या खोल ठेवायला दुसरी जागा शोधावी लागली असती.

दोन युद्धांच्या मधल्या काळात शाखा बंद करण्याचा विचार दोनतीनदा झाला आणि दरवेळी मागे पडला. तेवढ्यात जवळपासची इतर स्थानकं मात्र गेली. होबर्नशेजारचं ब्रिटिश म्युझियम स्थानक 1933 मध्ये बंद झालं, मेफेअरमधलं डाऊन स्ट्रीट 1932 मध्ये. डाऊन स्ट्रीटच्या पोटात पुढे युद्धकाळातल्या रेल्वे कारभाराची कचेरी थाटली गेली आणि बॉम्बवर्षावात चर्चिल काही रात्री तिथे झोपले. ऑल्डविचच्या माथ्यावर दरम्यान एक नवी दुनिया उभी राहत होती. 1930 मध्ये हर्बर्ट बेकरनं बांधलेलं इंडिया हाउस खुलं झालं. हे भारताच्या उच्चायुक्ताचं कार्यालय. शामजी कृष्णवर्मांचं, सावरकर राहत असलेलं इंडिया हाउस हायगेटमधलं, त्याचा याच्याशी संबंध नाही. ऑल्डविचच्या इंडिया हाउसशेजारी बुश हाउस, जिथून 1941 पासून बीबीसीच्या परदेशी भाषांतल्या बातम्या जगभर जाऊ लागल्या. पुढे हिंदी सेवाही तिथूनच चाले आणि रात्री रेडिओ कानाला लावून ती ऐकणारी पिढी महाराष्ट्रातल्या घराघरांत होती. त्या बातम्या ज्या इमारतीत वाचल्या जात, तिच्या जवळच रस्त्याखाली ऑल्डविचचे बोगदे होते.

दुसऱ्या महायुद्धात ऑल्डविचची कथा माणसांची झाली. 7 सप्टेंबर 1940 पासून लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडू लागले. मार सर्वांत जास्त पडला तो ईस्ट एंडवर, गोदीकामगारांच्या वस्त्यांवर. तिथल्या लोकांकडे ना तळघरं, ना बागा. सरकारनं वाटलेले पत्र्याचे अँडरसन शेल्टर परसबागेत पुरायचे असत. ज्याला परसच नाही त्यानं काय करावं? या शेल्टरला ज्यांचं नाव, ते सर जॉन अँडरसन तेव्हा गृहमंत्री होते. काही वर्षांपूर्वी बंगालचे गव्हर्नर म्हणून राज्य करून आलेले. लोकांना खोल भुयारांत आसरा देण्याला त्यांचा विरोध होता. माणसं एकदा खाली गेली की वर येणार नाहीत, कारखाने ओस पडतील, अशी सरकारी भीती होती. भुयारी रेल्वेची स्थानकं आसऱ्यासाठी वापरू नयेत, असे हुकूमही निघाले.

लोकांनी हुकूम मोडला नाही, त्याला वळसा घातला. सर्वांत स्वस्त तिकीट काढायचं, खाली उतरायचं आणि गाडीत चढायचंच नाही. पोराबाळांसकट, गाद्यागोधड्यांसकट फलाटावर पथाऱ्या पडल्या. बाहेर काढणार कोण? 14 सप्टेंबरच्या रात्री स्टेपनीतली काही डझन माणसं कम्युनिस्ट कार्यकर्ते फिल पिराटिन यांच्यासह थेट स्ट्रँडवरच्या सॅव्हॉय हॉटेलात शिरली. हॉटेलच्या श्रीमंत पाहुण्यांसाठी तळघरात चादरी-उशांसह बिछाने होते, तिथे आम्हालाही जागा द्या, अशी त्यांची मागणी. हल्ला लवकर ओसरला आणि मंडळी परतली, पण दुसऱ्या दिवशी सगळ्या लंडनमध्ये त्याचीच चर्चा होती. सॅव्हॉय ते ऑल्डविच स्थानक ही पाचसात मिनिटांची वाट. आठ दिवसांनी, 22 सप्टेंबर 1940 पासून, ऑल्डविच शाखेच्या गाड्या थांबल्या आणि बोगदा अधिकृतपणे आसऱ्यासाठी वेस्टमिन्स्टरच्या नगरपालिकेकडे देण्यात आला. त्या सप्टेंबरअखेर एका रात्रीत भुयारी रेल्वेच्या स्थानकांत आसरा घेणाऱ्यांची संख्या 1 लाख 77 हजारांवर गेली होती.

सरकारनं माघार घेतली ती लोकांच्या रेट्यामुळे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पहिलं पाऊल टाकायला ऑल्डविचच का? कारण ही शाखा बंद केल्यानं कोणाचं अडत नव्हतं. पिकॅडिलीची मुख्य गाडी थांबवायची तर निम्म्या लंडनची सकाळ विस्कटली असती. इथे गाडी थांबवली तर माणसांना दहा मिनिटं चालावं लागलं, बस्स.

त्या आसऱ्याची जी छायाचित्रं सर्वांत जास्त छापली गेली, त्यांत माणसं रुळांवर झोपलेली दिसतात. चालू स्थानकांत हे शक्य नव्हतं. तिथे फलाटावर पांढऱ्या रेघा मारलेल्या असत आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत रेघेच्या मागेच बसावं लागे, म्हणजे उतारूंना वाट राहील. ऑल्डविचला रेघा नाहीत, उतारू नाहीत, विजेचा रूळही मृत. दोन रुळांच्या मधल्या जागेत एकेक कुटुंब आडवं पडलेलं, डोकी एकीकडे, पाय दुसरीकडे, कोट अंगावर तसाच, पिशवी उशाला. नंतर रुळांवर फळ्या टाकल्या, मजल्यांच्या खाटा आल्या, जंतुनाशकाच्या बादल्यांऐवजी बरी शौचालयं आली, चहा मिळू लागला. सैनिकांसाठी करमणुकीचे कार्यक्रम करणाऱ्या मंडळींनी फलाटाचाच रंगमंच केला. त्या काळी तुफान लोकप्रिय असलेला जॉर्ज फॉर्म्बी आपलं छोटं बँजोलेले घेऊन इथे गाऊन गेला. पस्तीस वर्षांपूर्वी जिथे रॉयल स्ट्रँड थिएटर होतं, त्याच्याखाली पुन्हा प्रेक्षक बसले.

याच सुमारास लिव्हरपूल स्ट्रीटपलीकडच्या, रूळही न टाकलेल्या नव्या बोगद्यात हेन्री मूर झोपलेल्या माणसांच्या आकृती मनात साठवत होता. त्याची ती रेखाटनं जगप्रसिद्ध झाली. तोही अर्धवट बोगदाच. लंडनच्या भुयारी रेल्वेचा जो भाग पुरा झाला नव्हता, तोच त्या हिवाळ्यात हजारोंच्या निजेला उपयोगी पडला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एवढं करूनही खोली म्हणजे अभय नव्हतं. 14 ऑक्टोबर 1940 रोजी बॅलम स्थानकावर रस्त्यात पडलेल्या बॉम्बनं बोगद्याचं छत फोडलं, पाण्याचे आणि मैल्याचे नळ फुटले, आणि खाली आसरा घेतलेली साठाहून अधिक माणसं मेली.

ऑल्डविचच्या पश्चिमेकडच्या भागात माणसं झोपत होती. पूर्वेकडच्या बंद बोगद्यात दगड ठेवले होते. पण ते दगड अथेन्सच्या पार्थेनॉनचे. लॉर्ड एल्गिननं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते उतरवून आणले, 1816 मध्ये ब्रिटिश संसदेनं विकत घेऊन ब्रिटिश म्युझियमला दिले. त्यांच्यासाठी बांधलेलं डुवीन दालन युद्धाच्या तोंडावर तयार झालं होतं, पण लोकांसाठी ते खुलं होण्याआधीच शिल्पं हलवावी लागली. मंदिराच्या भिंतीवर लांबच लांब मिरवणूक कोरलेला शिल्पपट, घोडेस्वार, बळीचे बैल, असा सगळा जथा खोक्यांत भरून ऑल्डविचच्या बोगद्यात आला. 1940 मध्ये डुवीन दालनावर बॉम्ब पडला आणि त्याची दुर्दशा झाली. शिल्पं तिथे असती तर काय झालं असतं, हे सांगायला नको. दुरुस्त होऊन ते दालन लोकांना पाहायला मिळालं थेट 1962 मध्ये. नॅशनल गॅलरीनं या वेळी आपली चित्रं वेल्समधल्या मॅनॉडच्या पाटीच्या खाणीत हलवली होती. अवजड संगमरवराला मात्र एवढा प्रवास झेपण्यासारखा नव्हता. म्युझियमपासून जवळचा, रूळ असलेला बोगदाच त्याला सोयीचा.

हे दगड ब्रिटनकडे असावेत की ग्रीसकडे, हा वाद आजही पेटलेला आहे आणि माझं मत ग्रीसच्या बाजूनं आहे. वाद पेटलेला राहू शकला, कारण वादाचा विषय शाबूत राहिला, आणि त्यात ऑल्डविचच्या त्या टाकून दिलेल्या बोगद्याचा वाटा आहे.

30 जून 1944 च्या दुपारी एक व्ही-1 उडता बॉम्ब ऑल्डविचवर, बुश हाउस आणि हवाईदलाच्या कचेरीच्या मधल्या रस्त्यात फुटला. जेवणाच्या सुट्टीची वेळ, रस्ता माणसांनी भरलेला. चाळीसहून अधिक माणसं जागच्या जागी गेली. बसगाड्या सांगाड्यासारख्या उभ्या राहिल्या. इंडिया हाउसही तिथेच जवळ. रस्त्याखाली खोल बोगद्यात पार्थेनॉनचे घोडेस्वार आपल्या खोक्यांत होते.

युद्ध संपलं, आसरा उठला आणि 1 जुलै 1946 रोजी गाड्या पुन्हा सुरू झाल्या. शिल्पं 1948 पर्यंत खालीच राहिली. त्यानंतरची पन्नास वर्षं ऑल्डविचनं आशेवर काढली. मार्ग दक्षिणेकडे वॉटर्लूपर्यंत न्यावा, म्हणजे शाखेला अर्थ येईल, ही कल्पना शतकाच्या आरंभापासून अधूनमधून निघत असे आणि विरत असे. 1958 पासून गाड्या फक्त सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी धावू लागल्या, 1962 मध्ये शनिवारही गेला. मग नव्या फ्लीट लाइनचा आराखडा आला. तिचंच पुढे जुबिली लाइन असं बारसं झालं. ती चेअरिंग क्रॉसहून ऑल्डविचमार्गे पूर्वेला जाणार होती. 1979 मध्ये ती चेअरिंग क्रॉसपर्यंत सुरू झाली आणि पुढचे बोगदे स्ट्रँडखालून ऑल्डविचच्या दिशेनं काही अंतर खणलेही गेले. तिथेच काम थांबलं. 1999 मध्ये जुबिली लाइन वेगळ्याच वाटेनं वॉटर्लूकडे वळवली गेली आणि चेअरिंग क्रॉसचे तिचे नवेकोरे फलाट अवघ्या वीस वर्षांत बंद झाले. त्याबरोबर ऑल्डविचला जोडण्याची शक्यताही गेली.

पूर्वेकडचा फलाट या काळात अगदीच रिकामा नव्हता. रेल्वेचे आरेखनकार इतर स्थानकांसाठी ठरवलेल्या नव्या फरशा, नवी पाटी, नवं रंगकाम इथे आधी लावून पाहत. जाहिरातींचे कागद चिकटवायचा डिंकही इथे तपासला जाई. म्हणून त्या भिंतीवर 1907 च्या फरशांच्या शेजारी सत्तरीच्या दशकातले नमुने तुकड्यातुकड्यांनी दिसतात. लंडनच्या इतर स्थानकांचे नवे चेहरे काही वेळा आधी इथे दिसले, ज्या भिंतीसमोरून एकही उतारू जात नव्हता तिथे.

शेवट लिफ्टनं घडवला. 1907 च्या त्याच दोन लिफ्ट 1994 पर्यंत चालू होत्या. सत्त्याऐंशी वर्षं एका यंत्रानं चालावं, हे त्या काळच्या कामाचं कौतुकच म्हणायला हवं. पण सुरक्षेचे नियम बदलले होते आणि नव्या लिफ्टना तीस लाख पौंड लागणार होते. रोजचे उतारू साडेचारशेच्या आसपास, वर्षाचा तोटा दीड लाख पौंड. हिशेब सरळ होता. 30 सप्टेंबर 1994 रोजी शेवटची गाडी होबर्नला गेली. एसेक्समधली एपिंग ते ऑन्गर ही दुसरी तोट्याची शाखाही त्याच दिवशी बंद झाली.

बंद झाल्यावर ऑल्डविच जगाला जास्त माहीत झालं. चित्रपटवाल्यांनी ते आधीपासून हेरलं होतं. 'बॅटल ऑफ ब्रिटन'मध्ये 1969 साली ते दिसलं, 'पेट्रियट गेम्स'मध्येही. प्रॉडिजी या बँडच्या 'फायरस्टार्टर'चं चित्रीकरण 1996 मध्ये इथल्या बोगद्यात झालं, 'व्ही फॉर व्हेंडेटा'चा बॉम्बनं भरलेला आगगाडीचा डबाही इथलाच. 'अटोनमेंट'मध्ये बॅलमच्या दुर्घटनेचा प्रसंग याच फलाटावर चित्रित झाला. 1940 मध्ये जिथे माणसं खरोखर झोपली आणि सकाळी जिवंत वर आली, तिथे बॅलमच्या मृतांची आठवण उभी केली गेली. 1972 सालच्या बनावटीची एक गाडी पश्चिमेकडच्या फलाटावर कायम उभी असते, चित्रीकरणासाठी.

2011 मध्ये स्थानकाला वारसा इमारतीचा दर्जा मिळाला. दर्शनी भागावर पुन्हा जुनं नाव वाचता येतं, 'स्ट्रँड स्टेशन' आणि 'पिकॅडिली रेल्वे'. बीबीसीनं 2012 मध्ये बुश हाउस सोडलं आणि आता तिथे किंग्ज कॉलेजची मुलं असतात. 2022 पासून स्थानकासमोरचा स्ट्रँड वाहनांना बंद करून पायी चालणाऱ्यांचा केला आहे. लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियमतर्फे आगाऊ तिकीट काढून स्थानकात जाता येतं. लिफ्ट बंद असल्यामुळे जिन्यानं उतरावं लागतं. एलएसई पाहायला, बाबासाहेबांच्या विद्यापीठाच्या दारात उभं राहायला गेलेल्या मराठी माणसानं आधी तिकीट मिळवून ठेवावं आणि खाली उतरल्यावर वाटाड्याला पूर्वेकडच्या फलाटाबद्दल जरूर विचारावं.